ई-तीन

तंबाखू गेली, वास राहिला.
वखारीत आता लग्नं लागतात
आणि या रविवारी बुद्धिबळाचे सत्तर पट,
प्लॅस्टिकचे, गुंडाळून आणलेले, कडा अजून वर उठणाऱ्या.

चौथी फेरी. टेबल एकोणीस.
समोर नीलांबिका पट्टणशेट्टी, गोकाक, वय अकरा,
पाय जमिनीला टेकत नाहीत.
मी भैरू घाडी, निपाणी, वय त्रेपन्न,
नळाचे मीटर वाचतो.

टेबलाखाली फरशीत चार भोकं आहेत.
मला ठाऊक आहेत ती.
तिथं काटा होता, काट्यापाशी तवनाप्पा,
बोदांचं वजन बघणारा.
दुपारी हमालांनी भाकरी सोडली
की खडूनं चौसष्ट घरं आखायचा.
हत्ती म्हणजे दोऱ्याची रिकामी रिळं,
वजीर म्हणजे त्याची चुन्याची डबी
(मध्येच वजीर उचलून चुना लावायचा, परत ठेवायचा).
त्याच्या डावात प्यादं पहिल्या चालीलाही
एकच घर सरकायचं.
"दोन घरं? कुणाची गाडी सुटाय लागलीय?"

घड्याळ सुरू झालं.
राजापुढचं प्यादं उचललं. ई-चार.
तीस वर्षं मी ई-चारच खेळतोय.
पण हात!
हातानं प्यादं ई-तीनवर ठेवलं, सोडलं,
मग बोटानं पुढं ढकललं,
जिन्यावर म्हातारं माणूस
एका पायरीवर दोन्ही पाय आणतं
आणि मग पुढची घेतं, तसं.

पोरीनं हात वर केला.
रागानं नाही. वर्गात पाणी प्यायला जायचं असतं तसा.
हुल्लोळी सर आले, पंच.
ती कानडीत भरभर बोलली,
मला 'बेरळ' तेवढं लागलं. बोट.
"बोट काढलं होतं काय घाडी, खरं सांगा."
खोटं बोलायला दोन भाषा होत्या.
"काढलं होतं," म्हटलं.
प्यादं एक घर मागं आलं.

मी लिहिलं ई-तीन. तिनं लिहिलं ई-तीन.
त्या कागदावर तिची कानडी नाही, माझी मराठी नाही,
दोघांचीही अक्षरं वाकडी.

आणि मग ती थांबली.
क्लासमधल्या सरांनी चौदा चाली
पाढ्यासारख्या घोटून घेतल्या असणार
आणि मी पहिल्याच चालीला पाढाच बदलला.
सहा मिनिटं ती नुसती प्याद्याकडं बघत राहिली.
मला शिंक आली. मग तिलाही.
वखारीत असं होतंच.

मग म्हटलं, होऊन जाऊ दे.
डी-तीन. जी-तीन. बी-तीन.
शेजारच्या टेबलावरचा इंजिनिअरिंगचा पोरगा
माझं कुंपण बघून हसला.
नीलांबिका हसली नाही.
बाजाराच्या दिवशी भाजीवाल्या चौक धरतात
तशी तिनं मधली घरं धरली,
आणि एकेक चाल
स्वतः, नव्यानं, ओठ चावत शोधली.
किल्लेकोट मी केला. तवनाप्पाच्या डावात तो नव्हता,
त्याचा राजा एकदाच घोड्यासारखी उडी मारायचा.
तेवढी त्याची माफी मागितली.

त्रेचाळिसाव्या चालीला तिच्या घोड्यानं
माझा राजा कोपऱ्यात गाठला.
हात दिला. तिचा हात लहान, गार,
शाईनं निळा.

"इद याव ओपनिंग री, काका?"

माझं कानडी मीटरपुरतं:
नीर, बिल्ल, नाळे बर्तीनी.
ओपनिंगला नाव कुठलं!
बोटानं प्यादं दाखवलं, जिथं ते शेवटपर्यंत उभं होतं.
"ओंदोंद हेज्जे," म्हटलं. एकेक पाऊल.
तिनं मान हलवली,
कागद उलटा केला
आणि गोल गोल अक्षरांत लिहून घेतलं,
कुणीतरी नाव सांगावं
आणि ते खरंच असावं, तसं.

पाचव्या फेरीची घंटा झाली.
पेनचं टोपण खाली पडलं होतं.
वाकलो, फरशीतल्या भोकात बोट घातलं.
टोपण नव्हतं तिथं.
बोट तपकिरी होऊन वर आलं.